आमची वाटचाल : साकीनाक्याचा गाळा, पिंपळगावची बाग

आम्ही शेतीच्या फवारणी यंत्रांचे नॉझल, म्हणजे फवारा सोडणारी तोंडं, बनवतो. या धंद्यात मुंबईकर कशाला, असं अजूनही विचारतात. 1982 च्या गिरणी संपाच्या वेळी माझे भागीदार दादा लालबागच्या एका गिरणीत ह्युमिडिफिकेशन प्लांटवर फिटर होते. सूत तुटू नये म्हणून खात्यातली हवा दमट ठेवायची, त्यासाठी पाण्याचे बारीक फवारे. ते नॉझल उघडणं, धुणं, बदलणं हेच त्यांचं काम. संपानंतर ते माझ्या गाळ्यावर आले. लेथ माझा, हात त्यांचा. झिजलेली डिस्क, म्हणजे नॉझलमधली छिद्राची चकती, दादा नुसती उजेडाला धरून ओळखत.

मधली वर्षं बरी गेली. मग आम्ही एअर इंडक्शन नॉझल काढला आणि बुडता बुडता वाचलो.

बाजूच्या छिद्रातून हवा ओढून हा नॉझल थेंब जाड करतो. 400 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थेंब 3 मीटरवरून साधारण 2 सेकंदांत खाली येतो, 100 चा दहा-अकरा सेकंद तरंगतो, 20 चा तर 4 मिनिटं. तेवढ्यात वारा त्याला बांधापलीकडे नेणारच. पण ब्लोअरमागे, म्हणजे पंख्याने फवारा उडवणाऱ्या यंत्रामागे, पांढरं धुकं उठलं की शेतकऱ्याला फवारणी चांगली झाली असं वाटतं, आणि आमच्या नॉझलमधून धुकं निघेना. नागदेवी स्ट्रीटच्या एका व्यापाऱ्याने नेमकं हेच हेरलं. टोपी हुबेहूब आमची, आत मऊ पितळेची डिस्क, हवेचं छिद्र बुजवलेलं, किंमत निम्म्याहून कमी. वर दुकानदारांना सांगत सुटला, "यांच्या नॉझलने पान भिजत नाही." आमचे खोके परत यायला लागले. गाळ्याचं भाडं थकलं, बँकेची माणसं दारात आली. नक्कल मी विसरलो असतो. ते वाक्य विसरलेलो नाही.

वाचवलं नाशिककडच्या पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्ष बागायतदार काकांनी. 2010 साली क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे आपली द्राक्षं युरोपात अडकली, तेव्हापासून काका रेसिड्यूच्या, म्हणजे फळात उरणाऱ्या औषधाच्या बाबतीत फार कडक. तरी त्यांनी कधी न मारलेलं औषध त्यांच्या घडांत निघालं, शेजारच्या प्लॉटवरून आलेलं. भांडण न करता त्यांनी शेजाऱ्याला राजी केलं. त्याच्याच ब्लोअरला आधी जुने नॉझल लावले, मग आमचे. काकांच्या पहिल्या ओळीत पानांना पिवळे कागद टाचले होते, पाणी लागलं की निळे पडणारे. जुन्या नॉझलला ते ठिपक्यांनी भरून गेले, आमच्या वेळी ठिपके बोटांवर मोजावेत इतकेच. शेजाऱ्याच्या वेलींवर पानाआड लावलेले कागदही काकांनी उलटून दाखवले. तिथे थेंब पोचले होते. शेजाऱ्याने तिथेच सेट घेतला. ते कागद पिशवीत घालून काका कृषी सेवा केंद्रांतून फिरले, एक पैसा न घेता.

2017 साली यवतमाळला कपाशीवर फवारणी करताना विषबाधेने माणसं दगावली. डोक्याएवढ्या कपाशीत फवारणारा स्वतःच त्या धुक्यातून चालतो. बातमी वाचून दादा एवढंच म्हणाले, "थेंब जाड करा, बाबा."

कोणी विचारलं नाही तरी सांगतो. औषध कमी पडतंय म्हणून प्रेशर वाढवू नका. प्रवाह दुप्पट व्हायला प्रेशर चौपट लागतं आणि थेंबांचा भुगा होतो. 200 चा एक फुटला की 100 चे आठ. नॉझल तारेने खरवडू नका, टूथब्रश घ्या. मिनिटभर मापात धरा, नव्यापेक्षा 10 टक्के जास्त पडलं तर डिस्क बदला. पावडरची औषधं मारत असाल तर सिरॅमिकचीच डिस्क घ्या. संध्याकाळी धूर वर न जाता आडवा पसरत असेल तर बारीक थेंबही तसेच तरंगत जातील, पंप बंद ठेवा. आणि आमचा नॉझल मिळाला नाही तर दुसऱ्या कोणाचा चांगला घ्या, पण त्या मऊ पितळेच्या डिस्कवर पैसे घालू नका.