कोड उडवला म्हणजे बिघाड गेला नाही

बॅटरीची वायर दहा मिनिटं काढून ठेवली, डॅशबोर्डवरचा चेक इंजिनचा दिवा विझला, कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा कोड उडाला, पीयूसी हातात आली, विषय संपला. मुंबईत अनेक गॅरेजांत चालणारी ही युक्ती इथे कॅलिफोर्नियात सपशेल आपटते. आपल्याकडे पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरमध्ये नळी घालून धूर तपासतात. भारत स्टेज ४ आणि पुढच्या गाड्यांना उभ्या इंजिनावर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के. इथे २००० नंतरच्या बहुतेक गाड्यांचा धूर मोजतच नाहीत. डॅशबोर्डखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला यंत्र जोडतात आणि गाडीच्या कॉम्प्युटरलाच विचारतात. चेक इंजिन लाइट लागलेला असेल तर गाडी नापास.

बरं, आदल्या दिवशी कोड उडवला तर? त्याबरोबर कॉम्प्युटरच्या स्वतःच्या चाचण्याही कोऱ्या होतात. पेट्रोल गाडीत टाकीच्या वाफांची चाचणी तेवढी अपुरी राहिलेली चालते, बाकीच्या पुऱ्या हव्यात. २०१० नंतरच्या बहुतेक गाड्यांत तर कायमचा कोड राहतो, तो स्कॅनरनेही पुसला जात नाही. २०१९ च्या जुलैपासून तोही तपासतात. चाचणी पुन्हा यशस्वी झाली की गाडीच तो काढते.

दिवा लागला की आधी स्कॅनर लावून कोड लिहून घ्या आणि फ्रीझ फ्रेम बघा. कोड पडला तेव्हा इंजिन किती गरम होतं, वेग किती होता, हे त्यात असतं. वायर काढली की हा पंचनामाच गायब.

कोड लक्षण सांगतो, पार्ट नाही. पी०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर बदलायची घाई नको. फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो, ते बघा: उभ्या गाडीत +२० आणि २,५०० आरपीएमला +५ पर्यंत उतरत असेल, तर इंजिनात हवा जाते त्या (इनटेकच्या) बाजूला कुठेतरी हवा शिरते आहे, बहुधा तडकलेला रबरी पाइप. उलट ॲक्सिलरेटर दाबल्यावर ट्रिम वाढत गेली, तर पेट्रोलचा पंप, फिल्टर किंवा मळलेला हवेचा सेन्सर. मुंबईत पार्किंगमधल्या उंदरांनी कुरतडलेले पाइप आणि वायरी आधी बघाव्यात, हे गमतीने म्हणत नाही.

पी०४२० आला की मेकॅनिक थेट कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवर धूर स्वच्छ करणाऱ्या भागाचा, खर्च सांगतो. थांबा. गाडी गरम करून स्थिर आरपीएमला कन्व्हर्टरच्या मागच्या ऑक्सिजन सेन्सरचा व्होल्टेज बघा. तो ०.६–०.७च्या आसपास शांत असेल तर कन्व्हर्टर काम करतोय. पुढच्या सेन्सरसारखा ०.१ ते ०.९ उड्या मारत असेल तर संशय खरा. पण सायलेन्सरचा जॉइंट गळत असला तरी आकडे फसवे येतात. आणि कन्व्हर्टर मेलाच असेल तर कशाने, हे शोधल्याशिवाय नवा बसवू नका. मिसिंगमुळे, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी किंवा ज्वलन चुकल्यामुळे, न जळलेलं पेट्रोल आत जाऊन तो जळतो. तीच गत नव्याची होईल.

म्हणून दिवा लुकलुकत असेल तर मात्र ॲक्सिलरेटर सोडा, गाडी बाजूला घ्या. पी०३०२ सारखा कोड म्हणजे दुसऱ्या सिलिंडरची मिसिंग. त्याची कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारा भाग) तिसऱ्याच्या कॉइलशी अदलाबदल करा: कोड पी०३०३ झाला तर कॉइल, जागेवरच राहिला तर प्लग किंवा इंजेक्टर. पावसाळ्यात प्लगच्या विहिरीत साचलेलं पाणीही पुसून बघा.

पी०४५५, म्हणजे टाकीच्या वाफांची मोठी गळती, दिसला तर आधी टाकीचं झाकण टकटक आवाज येईपर्यंत घट्ट करा. दिवा लगेच जाणार नाही. वाफांची ती चाचणी सहसा थंड इंजिनावर आणि टाकी फार रिकामी किंवा काठोकाठ भरलेली नसतानाच होते.