ओकलंडचा शेवटचा हंगाम

फ्रीमाँटहून निघालेली बार्टची, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या लोकल रेल्वेची, गाडी युनियन सिटी, हेवर्ड, सॅन लिअँड्रो ही स्थानके मागे टाकत अर्ध्या तासाच्या आत ओकलंडच्या कोलिझियम स्थानकाला पोहोचते. स्थानकातून बाहेर पडले की एक लांब पादचारी पूल लागतो आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला काँक्रीटचा तो भलामोठा वाडगा, आमचे बेसबॉलचे मैदान, दिसू लागतो. पुलावर भाजलेल्या शेंगा आणि हिरव्या-पिवळ्या टोप्या विकणारे उभे असत. मी त्यांच्याकडून शेंगांची पिशवी घेई, खांद्यावरच्या झोळीतली स्कोअरची वही आणि टोक काढलेल्या दोन पेन्सिली आहेत ना हे चाचपून पाही आणि मगच पुढे जाई. तेरा वर्षे हा क्रम चुकला नाही. २०२४ सालचा हंगाम मात्र या पुलावरून जाण्याचा शेवटचा हंगाम होता आणि ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होते.

ॲथलेटिक्स हा बेसबॉल संघ १९०१ साली फिलाडेल्फियात सुरू झाला, पुढे कॅन्सस सिटीला गेला आणि १९६८ साली ओकलंडला आला. १९७२, १९७३ आणि १९७४ अशी लागोपाठ तीन वर्षे आणि पुन्हा १९८९ साली त्याने वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाची अंतिम मालिका, जिंकली. १ मे १९९१ रोजी रिकी हेंडरसनने याच मैदानावर आपला ९३९वा बेस चोरून (म्हणजे चेंडू टाकला जात असताना धावत जाऊन पुढचा बेस गाठून) सर्वकालीन विक्रम मोडला आणि तो बेस उपटून दोन्ही हातांनी डोक्यावर धरला. ४ सप्टेंबर २००२ रोजी ११-० अशी आघाडी गमावून सामना ११-११ असा बरोबरीत आला, तेव्हा नवव्या, म्हणजे शेवटच्या, इनिंगमध्ये स्कॉट हॅटबर्गने होम रन मारून, म्हणजे चेंडू थेट मैदानाबाहेर टोलवून, सलग विसावा विजय मिळवून दिला, तोही इथेच. हे सारे मी इथे येण्यापूर्वीचे आहे; स्टँडमध्ये शेजारी बसणाऱ्या जुन्या प्रेक्षकांनी मला ते इतक्या वेळा सांगितले आहे की मी ते पाहिले आहे असेच मला वाटते. आता संघ तीन हंगाम सॅक्रामेंटोत काढून लास व्हेगसला जाणार, हे ठरून गेले होते.

म्हणून मी ठरवले की हा हंगाम आरंभापासून अखेरपर्यंत पाहायचा. मार्चमध्ये ॲरिझोनातल्या मेसा येथे गेले. तिथल्या होहोकाम स्टेडियमवर संघाचे सराव सामने होतात आणि आउटफिल्डमागच्या, म्हणजे मैदानाच्या लांबच्या भागामागच्या, हिरवळीच्या उतारावर चादर टाकून ते पाहता येतात. ऊन चांगलेच होते, निकालाची कोणाला चिंता नव्हती, आणि आदल्या वर्षी ५० विजय व ११२ पराभव पाहिलेल्या आम्हा मंडळींना ती निश्चिंती हवीहवीशी वाटली.

२८ मार्चच्या संध्याकाळी हंगामाचा पहिला सामना क्लीव्हलँडशी होता. शेकडो चाहते स्टेडियमच्या वाहनतळावरच थांबले. तिकीट काढून आत जाणे म्हणजे स्थलांतराला संमती देणे, अशी त्यांची भावना होती. ढोल वाजत होते, झेंडे फडकत होते, शेगड्यांवर मांस भाजले जात होते. मला त्यांचे म्हणणे पटत होते, तरीही मी आत गेले, कारण उरलेल्या दिवसांतला एकही दिवस दाराबाहेर घालवणे मला जमण्यासारखे नव्हते. आम्ही ८-० असे हरलो. उजव्या आउटफिल्डमागची, एरवी ढोलांनी दुमदुमणारी बाकडी त्या रात्री गप्प होती आणि बाहेरच्या ढोलांचा आवाज भिंतीपलीकडून ऐकू येत होता.

जूनमध्ये बाबा सांगलीहून आले. निवृत्तीनंतर पंधरा वर्षे त्यांनी गावच्या क्रिकेट स्पर्धांचे गुणलेखन केले आहे, त्यामुळे खेळाआधी त्यांनी माझी वहीच हातात घेतली. बेसबॉलच्या वहीत प्रत्येक खेळाडूच्या प्रत्येक पाळीसाठी एक चौकट असते आणि चौकटीत चार बेसचा छोटा हिरा छापलेला असतो. क्षेत्ररक्षकांना १ ते ९ असे ठरलेले आकडे आहेत: चेंडू टाकणारा पिचर १, फलंदाजामागचा कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला शॉर्टस्टॉप ६, आणि मग डावीकडून उजवीकडे आउटफिल्डचे तिघे. तिसऱ्या बेसवरच्या खेळाडूने चेंडू अडवून पहिल्या बेसकडे फेकला आणि फलंदाज बाद झाला, तर चौकटीत ५-३ लिहायचे. तीन स्ट्राइकवर, म्हणजे मारण्याजोगे चेंडू हुकवून वा सोडून, बाद झाला तर के हे इंग्रजी अक्षर. बॅट न फिरवता तिसरा स्ट्राइक नुसता बघत राहिला, तर तेच अक्षर उलटे.

“म्हणजे चेंडू सोडून दिला आणि दांडी गुल,” बाबा म्हणाले. “अगं, यासाठी आमच्या वहीत वेगळी खूण हवी होती.”

जुलैतल्या एका रविवारी दुपारी तिसऱ्या इनिंगपासून वही त्यांच्याकडेच राहिली. त्यांचे लक्ष माझ्यापेक्षा बारीक होते. इथे फलंदाज मैदानाच्या कडेच्या रेषेबाहेर मारलेल्या उंच चेंडूवर वारंवार बाद होतात, हे त्यांनी तासाभरात हेरले. कोलिझियममध्ये रेषा आणि प्रेक्षक यांच्यामधली मोकळी जागा मेजर लीग या सर्वोच्च स्पर्धेतल्या कोणत्याही मैदानापेक्षा मोठी होती. इतर मैदानांत जो चेंडू प्रेक्षकांत पडला असता, तो इथे झेलला जाई. नवव्या इनिंगला आमचा पिचर मेसन मिलर आला आणि ताशी १०० मैलांहून अधिक वेगाचे चेंडू टाकू लागला, तेव्हा बाबांनी पेन्सिल खाली ठेवली. तो बाद करीत गेला आणि चौकटी मी भरल्या. परतताना गाडीत त्यांनी वहीची पाने उलटून प्रत्येक पानाच्या माथ्यावर मी देवनागरीत लिहिलेले ‘ओकलंड’ वाचले आणि विचारले, “पुढच्या वर्षी इथे काय लिहिशील?” संघ सॅक्रामेंटोत खेळताना कोणत्याच शहराचे नाव लावणार नव्हता. मी त्यांना तेवढेच सांगितले.

त्या उन्हाळ्यात संघ खरोखर चांगला खेळू लागला. हंगामाच्या मध्यावरच्या ऑल-स्टार सामन्याच्या सुट्टीपर्यंत ३७ विजय आणि ६१ पराभव होते. त्यानंतर ३२ विजय आणि ३२ पराभव. ब्रेंट रूकरने हंगामभरात ३९ होम रन मारले, तर मे महिन्यात खालच्या श्रेणीत पाठवलेला लॉरेन्स बटलर परत येऊन २२ होम रनपर्यंत पोहोचला. घर सोडून जाणाऱ्या मुलाने जाता जाता असे गुण दाखवावेत, याचे मला फार वाईट वाटे आणि अभिमानही वाटे.

२६ सप्टेंबर, गुरुवार. टेक्सस रेंजर्सविरुद्ध दुपारचा सामना, ४६,८८९ प्रेक्षक. त्या दिवशी पुलावर चालता येईना, नुसते सरकावे लागत होते. २००२ च्या त्या संघातला पिचर बॅरी झीटो याने राष्ट्रगीत गायले. रिकी हेंडरसन आणि संघाचा माजी पिचर डेव्ह स्टुअर्ट यांनी मानाचा पहिला चेंडू टाकला. माझ्या पुढच्या रांगेत एक वयस्क बाई मांडीवर नवऱ्याची जुनी टोपी ठेवून बसल्या होत्या. तिच्या कडेवरची हिरवी शिलाई उसवलेली होती आणि प्रत्येक इनिंगनंतर त्या अंगठ्याने ती सारखी करीत होत्या. सामना आम्ही ३-२ असा जिंकला. शेवटचा चेंडू मिलरचा. तो तिसऱ्या बेसकडे आला, तिथून पहिल्याकडे गेला. मी चौकटीत ५-३ लिहिले आणि भोवती गोल केला. मग व्यवस्थापक मार्क कॉट्से, जे स्वतः इथे खेळले होते, सगळ्या संघासह मैदानावर आले, ध्वनिक्षेपकावरून त्यांनी प्रेक्षकांचे आभार मानले आणि ‘लेट्स गो ओकलंड’ हा घोष आमच्याकडून शेवटचा म्हणवून घेतला. मैदानाची निगा राखणारे कामगार कठड्याशी येऊन लोकांना इनफिल्डची, म्हणजे बेसभोवतीच्या भागाची, माती देत होते. मला कागदी पेल्यात चार बोटे भरेल एवढी माती मिळाली. घरी जाईपर्यंत मी पेल्याच्या तोंडावर हात धरून बसले.

हंगामाचे तीन सामने उरले होते, सिॲटलला. मी शुक्रवारच्या विमानाने गेले आणि स्टेडियम स्थानकावर उतरून समोरच्या मैदानात शिरले. तिथल्या तिसऱ्या मजल्यावर हिरव्या सदऱ्यांतली बरीच माणसे भेटली. रविवारी सामना सुरू होण्यापूर्वी मी वहीचे नवे पान काढले. बाबांना दूरध्वनीवर आवाज ऐकू यावा म्हणून फोन कठड्यावर ठेवला; सांगलीत तेव्हा रात्र बरीच झाली होती, तरी ते जागे होते. त्यांनी विचारले, “माथ्यावर लिहिलंस का?” मी लिहीतच होते.