नव्वद रात्री मोजायच्या कोणी?

आमच्या समोरच्या फ्लॅटचं दार दर शुक्रवारी नवीच माणसं उघडतात. मालक तो बुकिंगच्या साइटवरून पर्यटकांना थोड्या दिवसांसाठी भाड्याने देतो. मागच्या आठवड्यात रात्री दीड वाजता एकाने आमचीच बेल वाजवली. कुलपाचा कोड चालत नव्हता म्हणे! झोप उडाली ती उडालीच, मग बाकीची शहरं यावर काय करतात ते वाचत बसले.

लंडनमध्ये वेगळ्या परवानगीशिवाय अख्खं घर असं वर्षाला 90 रात्री देता येतं, ॲमस्टरडॅममध्ये परवाना घेऊनही फार तर 30. ऐकायला छान. पण मोजणार कोण? एका साइटने 90 वर अडवलं की मालक दुसरीवर जाहिरात टाकतो.

न्यूयॉर्कने हा मोजदादीचा घोळच घातला नाही. सप्टेंबर 2023 पासून तिथे 30 दिवसांपेक्षा कमी मुक्कामासाठी यजमानाची नोंदणी हवी, तो स्वतः त्याच घरात राहत असायला हवा आणि पाहुणे फार तर दोन. नोंदणी नसेल तर साइटनेच बुकिंग घ्यायचं नाही. मला पटलं ते हेच, जबाबदारी साइटवरही टाकलीय.

बार्सिलोना तर 2028 पर्यंत पर्यटकांच्या फ्लॅटचे सगळेच परवाने संपवायचं म्हणतंय. हे मात्र जरा अतीच वाटतं. (समोरच्यांचा विचार केला की वाटत नाही.)

आज पुन्हा शुक्रवार. बेल बंद करून ठेवलीय.