शीतगृहाच्या नोंदी आणि भरत जाणारी मेमरी : माझा अनुभव

मी ठाण्यात राहते, नोकरी महापेला. तुर्भे एमआयडीसीतलं एक शीतगृह आणि त्याच्या तीन शाखा यांच्या देखरेखीची प्रणाली आमची टीम सांभाळते. खोल्यांचं तापमान, दरवाज्यांची उघडझाप, कॉम्प्रेसर, डीफ्रॉस्ट अशा नोंदी सेन्सरकडून सतत येत राहतात. काही बिनसलं की सुपरवायझरच्या फोनवर लगेच सूचना जायला हवी. बिनसलंय की नाही हे ठरवतं ड्रूल्स, म्हणजे जावात लिहिलेलं रूल्स इंजिन. आम्ही नियम लिहून द्यायचे, येणाऱ्या घटना त्याने त्यांच्याशी ताडून पाहायच्या.

ही सर्व्हिस दर चौथ्या दिवशी पहाटे बंद पडायची. लॉगमध्ये शेवटची ओळ मेमरी संपल्याची. रीस्टार्ट केलं की चार दिवस सुरळीत. दोन महिने आम्ही रीस्टार्टवरच भागवलं, आणि त्याची मला आजही चुटपुट आहे, कारण रीस्टार्टच्या त्या काही मिनिटांत आत गोठवलेला माल असलेल्या खोल्यांवर कोणाचंच लक्ष नसायचं.

मग मी आठवडाभराचा हीपचा, म्हणजे जावा प्रोग्रॅम वापरतो त्या मेमरीचा आलेख काढला. करवतीच्या दात्यांसारखा वर-खाली जाणारा आलेख जावात नेहमीचाच. कचरा (ज्याचं काम संपलंय असा डेटा) साफ झाला की मेमरी खाली येते, पुन्हा भरते. दात्यांच्या टोकांपेक्षा तळाकडे बघावं. आमचा तळच रोज वर सरकत होता. साफसफाईनंतरही जे उरतं ते वाढतंय, म्हणजे कुणीतरी ते धरून ठेवलंय.

हिशेब जुळत होता. चारशे सेन्सर, दर दहा सेकंदांनी एक नोंद : मिनिटाला २,४००, दिवसाला ३४ लाख ५६ हजार. इंजिनातल्या बाकीच्या पसाऱ्यासकट एका नोंदीला तीनशेच्या आसपास बाइट धरले, तर दिवसाला साधारण एक जीबी. आणि आमचा हीप होता चार जीबीचा. चौथी पहाट अशी येत होती. एकही तापमानाची नोंद कधीच बाहेर जात नव्हती.

हीप डंप, म्हणजे त्या मेमरीची जशीच्या तशी प्रत काढून मेमरी ॲनालायझरमध्ये उघडली, तर तेच दिसलं. जवळजवळ सगळी जागा घटनांच्या हँडल्सनी, म्हणजे इंजिन घटना ज्यांनी धरून ठेवतं त्या संदर्भांनी व्यापलेली. टीममधल्या सिनियर ताईंनी विचारलं, "इंजिन क्लाउड मोडमध्ये तर नाही ना?" प्रश्न रास्त होता. ड्रूल्सचा मूळ मोड क्लाउड असतो. त्यात इंजिनला काळाचा प्रवाह कळत नाही, त्यामुळे घटना आपोआप कालबाह्य होत नाहीत, त्या आपणच काढायच्या. स्ट्रीम मोडमध्ये मात्र एखादी घटना यापुढे कुठल्याच नियमाला लागू शकत नाही हे समजलं की इंजिन ती स्वतः काढून टाकतं. आमचा मोड स्ट्रीमच होता. या नोंदी म्हणजे वेळेशी बांधलेल्या घटना आहेत असं इंजिनला सांगणारा इव्हेंटचा रोलही नीट लावलेला होता.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला मला वेळ लागला. रूल्स इंजिन मेमरी खातं ती गळती म्हणून नव्हे, त्याची घडणच तशी आहे. चार्ल्स फोर्गींचा रेटे अल्गोरिदम (त्यावरचा त्यांचा प्रसिद्ध लेख १९८२ चा) अर्धवट जुळलेल्या गोष्टी लक्षात ठेवतो आणि त्यामुळे दर वेळी सगळं पहिल्यापासून तपासावं लागत नाही. ड्रूल्स त्याच घराण्यातलं. वेग मिळतो तो लक्षात ठेवण्यामुळे. मग विसरायचं केव्हा, हे त्याला कोण सांगतं? आपले नियमच. "दरवाजा उघडल्यावर दहा मिनिटांत बंद झाल्याची नोंद नाही" असा नियम असेल, तर त्या दहा मिनिटांवरून इंजिन स्वतः ताडतं की दरवाज्याची घटना किती वेळ ठेवायला हवी.

तापमानाचा आमचा नियम होता शेवटच्या दहा नोंदींच्या सरासरीचा, म्हणजे लांबीची विंडो. माझी समजूत अशी की अकरावी नोंद आली की पहिली बाहेर पडत असणार. ती विंडोबाहेर पडते, पण सेशनमध्ये, म्हणजे इंजिनच्या चालू स्मरणात, तशीच राहते. लांबीच्या विंडोत काळाची अट नसते, आणि मुदत ठरवताना इंजिन ती धरतच नाही. दुसऱ्या कुठल्या नियमातही काळाची अट नसली आणि स्पष्ट मुदतही दिलेली नसली, तर ती घटना कायमची मुक्कामाला. हे दस्तऐवजात स्वच्छ लिहिलेलं आहे. मी ते वाचलंही होतं, पण आपल्या नियमाला ते लागू आहे हे डोक्यात आलं नव्हतं.

मग मी एक्स्पायर्सची खूण वापरून पंधरा मिनिटांची मुदत दिली, आणि घाईत ती सगळ्याच प्रकारच्या घटनांना लावली. त्या घाईची किंमत पुढे कळली.

पंधरा मिनिटं म्हणजे जास्तीत जास्त ३६ हजार तापमानाच्या नोंदी. मी सेशनमधल्या नोंदींचा आकडा दर मिनिटाला लॉगमध्ये टाकायला लावला. आकडा चढत चढत एक लाख ५५ हजारांच्या आसपास गेला आणि तिथे थांबला. थांबला हे चांगलं, पण मग बाकीच्या नोंदी कुणाच्या? शाखावार मोजल्यावर दिसलं, मुख्य शीतगृह आणि दोन शाखा चोख होत्या आणि तिसऱ्या शाखेच्या साठ सेन्सरांच्या नोंदी पावणेसहा तास टिकत होत्या. पावणेसहा तासांतून आमची पंधरा मिनिटं वजा केली, उरले साडेपाच तास.

तो आकडा पाहिल्यावर मी खुर्चीतून उठलेच. त्या शाखेचा गेटवे, म्हणजे सेन्सरच्या नोंदी आमच्याकडे पाठवणारं यंत्र, भारतीय वेळ पाठवत होता आणि तिच्यावर यूटीसीचा (जागतिक प्रमाणवेळेचा, जी आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते) शिक्का मारत होता. प्रत्येक नोंद इंजिनच्या लेखी साडेपाच तास भविष्यातली. मुदत मोजली जाते घटनेच्या स्वतःच्या टाइमस्टॅम्पपासून, म्हणून ती तेवढी लांबली. मेमरीपेक्षा गंभीर गोष्ट ही की त्या शाखेच्या उघड्या दरवाज्यांच्या सूचनाही साडेपाच तास उशिरा जात होत्या. गेटवेची वेळ दुरुस्त करून घेतली. शिवाय आता सर्व्हरच्या घड्याळापेक्षा दोन मिनिटांहून जास्त पुढची वेळ असलेली नोंद आम्ही दारातच अडवतो आणि तिची वेगळी सूचना देतो.

तळ सपाट झाला. चौथी पहाट गेली, दहावी गेली.

मग तुर्भ्याहून सुपरवायझर काकांचा फोन आला. "मॅडम, काल चार नंबरची खोली डीफ्रॉस्टनंतर तासभर गार झाली नाही. तुमचा अलार्म का नाही वाजला?" माल वाचला होता, कारण काका स्वतः फेरी मारत होते.

डीफ्रॉस्ट सुरू झाल्यापासून चाळीस मिनिटांत तापमान पूर्ववत झालं नाही तर सूचना द्यायची, असा नियम होता. आणि डीफ्रॉस्टच्या घटनेला मी दिलेली मुदत पंधरा मिनिटांची. स्पष्ट दिलेली मुदत इंजिनच्या स्वतःच्या अंदाजावर मात करते. चाळिसावं मिनिट उजाडेपर्यंत ती घटनाच सेशनमधून गेलेली, मग नियम लागणार कशाला? एररही नाही, लॉगमध्ये इशाराही नाही. मेमरी संपली की सर्व्हिस पडते आणि सगळ्यांना कळतं. हा नियम मात्र दोन आठवडे गप्प होता आणि कुणाला पत्ता नव्हता.

त्या संध्याकाळी मी सगळ्या मुदती काढल्या आणि एकेक प्रकार हाताळला. स्पष्ट मुदत ठेवली फक्त तापमानाच्या नोंदींना, कारण तिथे इंजिनला अंदाज बांधायला दुसरा आधारच नाही. दरवाजा आणि डीफ्रॉस्ट यांची मुदत नियमातल्या वेळेवरून इंजिनलाच काढू दिली.

चाचण्याही नव्याने लिहिल्या, सूडो क्लॉक वापरून. या घड्याळाचे काटे आपण फिरवायचे, त्यामुळे सहा तास क्षणात पुढे नेता येतात. प्रत्येक नियमाच्या दोन चाचण्या : नियम शेवटच्या मिनिटाला लागतो का, आणि त्यानंतर घड्याळ पुढे नेऊन नियम चालवले की सेशनमधला आकडा शून्यावर येतो का. पूर्वी आमच्याकडे यातली एकही नव्हती. पहिली चाचणी असती, तर ती चाळीस मिनिटं त्याच दिवशी सापडली असती.

जुलैत काकांना भेटायला तुर्भ्याला गेले. ते म्हणाले, "पावसाळ्यात हवा दमट, कॉइलवर बर्फ जास्त धरतो. डीफ्रॉस्टला वेळ लागतोच. चाळीसला अलार्म वाजवाल तर पोरं तो बंद करून ठेवतील." मी नियमातले ४० बदलून ५५ केले आणि चाचण्या चालवल्या. डीफ्रॉस्टची घटना आपोआप ५५ मिनिटं थांबली आणि मग निघून गेली.