अकरा हजार माणसांसाठी एवढा खटाटोप?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. प्रशांत महासागरातल्या तुवालू या चिमुकल्या देशाच्या पाणीपुरवठ्याच्या नियोजनावर मी काम केलंय हे कळलं, की दर दुसरा माणूस हेच विचारतो. देशाची लोकसंख्या जेमतेम अकरा हजार, नऊ बेटं मिळून जमीन 26 चौरस किलोमीटर. एवढ्याशा देशासाठी सल्लागार, बैठका, अहवाल कशाला? आलेले पैसे सरळ वाटून टाका की!

पूर्वी मी या प्रश्नाने चिडायचे. आता निम्मा पटतो.

कारण तुवालूला मिळालेली सगळ्यात कामाची मदत जवळजवळ तशीच होती. 1978 साली देश स्वतंत्र झाला, पण अंदाजपत्रकातली तूट भरायला दरवर्षी ब्रिटनच्या तोंडाकडे बघावं लागे. मग 1987 साली ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि ब्रिटनच्या मोठ्या वाट्यातून एक विश्वस्त निधी उभा राहिला. सुरुवातीची रक्कम सुमारे 2 कोटी 70 लाख ऑस्ट्रेलियन डॉलर. तुवालूत चलनही तेच चालतं. निधी परदेशातल्या बाजारात गुंतवलेला असतो. महागाईच्या हिशेबाने मूळ रकमेचं मोल आधी राखायचं आणि वर जे उरेल तेवढंच सरकारने काढायचं. बाजार पडलेला असेल त्या वर्षी काहीच हाती लागत नाही, म्हणून चांगल्या वर्षांतली शिल्लक वेगळ्या खात्यात साठवायची. आजीच्या डब्यातल्या पैशांसारखा सरळ हिशेब. आणि खर्च कशावर करायचा हे देशाचं सरकार ठरवतं, पाहुणे नाही.

पण पैसे पिता येत नाहीत. तुवालूत नदी नाही, ओढा नाही. प्रवाळाच्या जमिनीखालचं पाणी खारावलेलं. प्यायचं ते छपरावरून पन्हळीत आणि पन्हळीतून टाकीत आलेलं पावसाचं पाणी. पाऊस एरवी भरपूर, पण 2011 साली ला निन्यामुळे, म्हणजे प्रशांत महासागराच्या पाण्याचं तापमान बदलून पावसाची घडी विस्कटते त्यामुळे, तो महिनोन्महिने रुसला आणि सप्टेंबरच्या शेवटी सरकारला आणीबाणी जाहीर करावी लागली. राजधानी फुनाफुतीत घरटी दिवसाला दोन बादल्या पाणी मिळू लागलं, म्हणजे चाळीस लिटर, अख्ख्या कुटुंबाला. समुद्राचं पाणी गोडं करणारी यंत्रं विमानाने आणावी लागली. त्या आठवड्यात कुणाच्या हातात नोटांचं पुडकं ठेवलं असतं, तर त्याने पाणी आणलं असतं कुठून?

आता माझी चूक सांगते. आमच्या पहिल्या मसुद्यात कुठल्या बेटावर किती टाक्या, किती लिटरच्या, कोरडे दिवस किती धरायचे, सगळं होतं. तक्ते तर इतके देखणे, की मीच पुन्हा पुन्हा बघत बसायचे. मग एका घरी गेले. अंगणात दहा हजार लिटरची नवीकोरी टाकी, आणि छपराची पन्हळ एका टोकाने लोंबकळत होती. खाऱ्या वाऱ्याने ती धरून ठेवणारे क्लॅम्प खाऊन टाकले होते. पन्नास चौरस मीटरच्या छपरावर दहा मिलिमीटर पाऊस पडला तर पाचशे लिटर पाणी मिळायला हवं. इथे बरंचसं वाळूत जात होतं. टाकी मदतीतून आलेली, पन्हळ घरमालकाची जबाबदारी. आमच्या मसुद्यात पन्हळ हा शब्दच नव्हता. म्हाताऱ्या मालकीणबाई हसून म्हणाल्या, “टाकी छान आहे हो, फक्त तिच्यापर्यंत पाणी पोचवा.”

दुसरी गोष्ट समजायला मला जास्त वेळ लागला. मोठ्या देशात एका खात्यात शंभर माणसं असतात, इथे एखाद-दुसरं. आम्ही ज्या अधिकाऱ्यांकडे गेलो, त्यांच्याकडे त्याच आठवड्यात आणखी दोन पथकं आली होती, एक हवामानबदलाचं, एक सांडपाण्याचं. तिघांचे प्रश्न तेच, मागितलेली माहिती तीच, आणि प्रत्येकाच्या अहवालाचा नमुना वेगळा. मी टाक्यांची यादी मागितली तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “गेल्या महिन्यात आलेल्यांना दिली आहे. त्यांच्याकडून घेता का? म्हणजे मला पंप बघायला जाता येईल.” पंप बंद होता आणि तो चालू करू शकणारा माणूस आमच्यासमोर बसून आमच्या प्रश्नांची उत्तरं देत होता. तांत्रिक साहाय्य म्हणतात ते हेच!

मग बाहेरची माणसं नकोतच का? तसंही नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने फुनाफुतीत धावपट्टी बांधली आणि भरावासाठी बेटच खणलं. ते खड्डे सत्तर वर्षं तसेच राहिले, खारं पाणी आणि कचऱ्याने भरलेले, आणि लोक त्यांच्या काठाला घरं करून राहत होते. 2015 साली न्यूझीलंडच्या पैशांतून बेटांनी वेढलेल्या उथळ समुद्रातली वाळू उपसून ते भरले गेले. हे काम गावकीने फावडी घेऊन होणारं नव्हतंच. पुढे हरित हवामान निधीतून, म्हणजे हवामानबदलाला तोंड देणाऱ्या विकसनशील देशांसाठीच्या आंतरराष्ट्रीय निधीतून, समुद्रात भर घालून सात हेक्टरांच्या आसपास नवी जमीन तयार झाली, तीही तशीच. एकदा यायचं, मोठं यंत्र आणायचं, काम संपवून जायचं. या प्रकारची मदत मला पटते. मागे सांभाळायला नाजूक यंत्र ठेवून जाणारी मदत पाहिली, की मी आधी विचारते, सुटा भाग कुठून येणार? उत्तर बहुतेक वेळा फिजीतल्या सुवाहून, हजार किलोमीटरच्या पलीकडून. फुनाफुतीपर्यंत निदान विमान तरी येतं. इतर आठ बेटांना बोटीची वाट बघायची.

सुधारलेल्या मसुद्यात टाक्यांचा आकडा कमी केला. पन्हळी, गंज न धरणारे क्लॅम्प आणि प्रत्येक बेटाच्या काउपुलेकडे, म्हणजे स्थानिक परिषदेकडे, दुरुस्तीसाठी थोडी रक्कम घातली. मंजुरीच्या बैठकीत एकाने विचारलं, “यात उद्घाटन कशाचं करायचं?” विनोद नव्हता तो.

निघताना मी त्या अधिकाऱ्यांना म्हटलं, पुढचं पथक येऊ नका म्हणून कळवू का? ते म्हणाले, “येऊ देत ना. फक्त येताना बॅगेत क्लॅम्प घेऊन या म्हणावं.”