सरांचो झील

स्मरणिका समितीचं पत्र आलं त्या दिवशी मी रात्रपाळी करून घरी परतले होते. ‘शाळेनं मला काय दिलं’ यावर लिहायचं आहे. तीन वेळा लिहायला बसले. शाळा म्हटलं की मला सर दिसतात आणि सरांच्या मागोमाग त्यांचा मुलगा येतो. तेव्हा समितीनं मला क्षमा करावी. मी त्याच्याबद्दलच लिहिते आहे.

१९८७ साली दहावी झालेल्या आम्हा मुलांना सर कोणते हे सांगायला नको. त्यांच्या मुलाला नावानं कोणी हाक मारत नसे. शिपाईमामांपासून होडीवाल्या आजोबांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी ‘सरांचो झील’. तो स्वतः मात्र शाळेच्या आवारात वडिलांना ‘सर’ म्हणायचा. फाटकाबाहेर पाऊल पडलं की ‘बाबा’. यात त्याची कधी चूक झालेली मी ऐकली नाही.

आम्ही खाडीपलीकडची मुलं होडीनं यायचो. ओहोटी असली की होडी अर्ध्यावर रुतायची आणि दप्तर डोक्यावर घेऊन गुडघाभर चिखलातून चालावं लागायचं. उशीर झाला की छड्या. पाचवीत असताना एकदा मी रडत वर्गात आले, तेव्हा त्यानं मला विचारलं, “आज तिथी कोणती?” मला काय माहीत! त्यानं वहीच्या मागच्या पानावर मांडून दाखवलं. तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. आज पंचमी, पाचाची पाऊणपट पावणेचार. पहाटे पावणेचारला भरती, म्हणजे दहाच्या सुमाराला ओहोटी, म्हणजे तुम्ही चिखलातूनच येणार. अमावास्येला आणि पौर्णिमेला उलट. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. येताना पाणी तुडुंब, पण संध्याकाळी साडेपाचला खाडीचा तळ उघडा.

दुसऱ्या दिवसापासून सुविचाराच्या फळ्यावर खालच्या कोपऱ्यात तो भरतीची वेळ लिहू लागला. कुणी सांगितलं नव्हतं. सर आठवडाभर ते बघत होते. मग एक दिवस हजेरी घेताना म्हणाले, “आज पलीकडच्या मुलांना अर्धा तास माफ.” तेव्हापासून आम्हाला छडी बसली नाही. गणित पंचांगातलं आणि आमच्या खाडीतलं तंतोतंत जुळायचं नाही, कधी पंधरा-वीस मिनिटं मागेपुढे व्हायचं. तेही तो होडीवाल्या आजोबांना विचारून वहीत टिपून ठेवायचा.

शाळेची चिऱ्यांची घाटी आठवते ना? त्या घाटीवर तो मध्येच बसायचा. “काटो गेलो,” म्हणायचा आणि तळवा उलटा करून बघत राहायचा. आम्ही पुढे पळायचो. रोज त्याच पायरीवर काटा कसा लागतो, हे आमच्यापैकी कुणाच्याही मनात आलं नाही. त्याला दम लागत होता. सातवीत असताना आधी घसा दुखला, मग गुडघा सुजला, तो उतरला तर घोटा सुजला. सगळे वात म्हणाले, लेप झाले, शेक झाले. तो संधिवाताचा ताप होता. हा ताप सांधे सोडून जातो, पण हृदयाची झडप खराब करून जातो. मला हे कळलं ते परिचारिकेचं शिक्षण घेताना, वर्गात बसल्या बसल्या, आणि मला उठून बाहेर जावं लागलं.

दर एकवीस दिवसांनी त्याला पेनिसिलिनचं इंजेक्शन असे. सर त्याला एस.टी.नं आरोग्य केंद्रात न्यायचे. ते औषध दुधासारखं दाट असतं, जाड सुई लागते आणि फार दुखतं. त्या दिवशी तो बाकावर बसत नसे. मागच्या भिंतीला टेकून उभा राहून गणितं सोडवायचा. सर त्याला ‘बस’ म्हणत नसत आणि आम्हालाही कारण सांगत नसत.

दहावीच्या वर्षी पाऊस तुफान होता. एस.टी. बंद पडली, एकदा केंद्रात औषध नव्हतं, दोन तारखा चुकल्या. गणपतीच्या सुट्टीत ताप उलटला आणि सर त्याला घेऊन रात्रीच्या गाडीनं मुंबईला गेले. कोकण रेल्वे तेव्हा कुठली, ती पूर्ण सुरू झाली १९९८ साली. रात्रभर खड्ड्यांतून प्रवास. सोबत सरांनी आमच्या घटक चाचणीच्या पेपरांचा गठ्ठा नेला होता.

पितृपक्षात तो गेला. पंधरा वर्षांचा होता.

तेरावं झाल्यावर सर शाळेत आले आणि पहिल्याच तासाला त्यांनी पेपर वाटले. माझ्या पेपरवर लाल शाईत १४ होते. त्याच्या शेजारी पेन्सिलीनं बारीक अक्षरात ‘१५?’ लिहिलेलं होतं. मग १४ लाल शाईनं खोडून १५ केलेले आणि खाली सरांची सही. ते पेन्सिलीचं अक्षर मी ओळखलं. काकूंनी नंतर सांगितलं, रुग्णालयात खाटेवर बसून सगळ्यांच्या बेरजा त्यानं तपासल्या होत्या. त्याचा स्वतःचा पेपर तेवढा सरांनी त्याला हाताळू दिला नाही. त्या पेपरात अर्धा गुण कापलेला होता, उत्तरापुढे ‘चौ.सेंमी.’ लिहायचं राहिलं होतं म्हणून.

दिवाळीनंतर फळ्याच्या कोपऱ्यात पुन्हा भरतीची वेळ दिसू लागली. या वेळी अक्षर सरांचं होतं. निवृत्त होईपर्यंत त्यांनी ते चालू ठेवलं. आणि दर जूनमध्ये प्रत्येक वर्गात जाऊन ते एकच सांगत: घसा दुखून ताप आला आणि सांधे सुजले तर घरी लेप लावत बसू नका, माझ्याकडे या. आलेल्या मुलांना ते स्वतः केंद्रात घेऊन जात. माझी बारावीनंतरची फी कुणी भरली, हे मी इथे लिहिलं तर सर रागावतील.

आज मी ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहे. ज्या मुलांचं हे इंजेक्शन चालू आहे त्यांच्या तारखा मी वेगळ्या वहीत लिहिते आणि कुणी आलं नाही तर घरी फोन करते. आता खाडीवर पूल झाला. शाळेची कौलं जाऊन स्लॅब पडला, सुविचाराचा फळाही गेला. नव्या इमारतीत भिंतीवर छापील सुविचार आहेत, ते बदलत नाहीत. मला ते बघवत नाही.

हे छापायचं तर सरांना विचारायला हवं होतं. मागच्या रविवारी गेले. ओटीवर बसले होते. नजर अधू झाली आहे, पण आवाजावरून ओळखलं. “बस गो,” म्हणाले. मी तो पेपर पिशवीतून काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला. पेपर डोळ्यांजवळ धरून, एकेका प्रश्नापुढचा गुण बोटानं दाखवत, ओठांतल्या ओठांत बेरीज केली. पुन्हा एकदा केली.

“पंधराच,” म्हणाले. “माझो एक रवलो होतो.”