श्वास अडल्यासारखा वाटतो तेव्हा

गेली सतरा वर्षे मला वर्षातून पाच-सहा वेळा असा अनुभव येतो की मी जागी झालेली असते, पण शरीर जागे झालेले नसते. डोळे उघडतात, छत दिसते, अर्धवट लोटलेले दार दिसते, शेजारी झोपलेल्या माणसाच्या श्वासाचा आवाज ऐकू येतो. मात्र हात उचलावा असे मनात आणले तर बोटसुद्धा हलत नाही. ही अवस्था काही सेकंद टिकते, क्वचित दोन-तीन मिनिटे, आणि मग आवळलेली दोरी सुटावी तसे अंग एकाएकी मोकळे होते. तिला स्लीप पॅरालिसिस म्हणतात. ‘निद्रापक्षाघात’ असा मराठी प्रतिशब्दही वाचनात येतो, परंतु पक्षाघात म्हटले की आयुष्यभराचे अपंगत्व डोळ्यांपुढे उभे राहते, आणि त्या अवस्थेत पडलेल्या माणसाला नेमकी तीच भीती वाटत असते. म्हणून मी तो शब्द टाळते.

पहिला प्रसंग एकोणिसाव्या वर्षीचा. परीक्षेचे दिवस होते, सलग दोन रात्री मी जेमतेम तीन-तीन तास झोपले होते आणि दुपारी अंथरुणाला पाठ टेकताच डोळा लागला. जाग आली ती उशाशी कोणीतरी उभे आहे या खात्रीने. ‘खात्री’ हा शब्द मी विचारपूर्वक वापरते आहे, कारण मला कोणी दिसले नव्हते. पण आपल्यामागे माणूस येऊन उभा राहिला की न पाहताही जसे कळते, तसे ते कळले होते. मग छातीवर भार पडला, श्वास पुरेना, आणि मी जिवाच्या आकांताने ओरडले. निदान मला तसे वाटले. अंग मोकळे झाल्यावर पाहिले, तर खोलीतली मैत्रीण चार पावलांवर टेबलाशी बसून वाचत होती आणि तिने काहीच ऐकले नव्हते. त्या दुपारच्या इतर कशाहीपेक्षा तिची ती पुस्तकावर झुकलेली पाठ मला आजही अधिक स्पष्ट आठवते.

पुढची चार वर्षे मी याविषयी कोणाशीही बोलले नाही. सांगायचे तरी काय, हाच प्रश्न होता. भुताटकीवर माझा विश्वास नव्हता, त्यामुळे आपले डोके फिरत चालले आहे हा एकच अर्थ उरत होता, आणि तो उच्चारण्याचे धैर्य माझ्यात नव्हते. मी झोपायलाच घाबरू लागले. रात्री उशिरापर्यंत जागायचे, दिवा लावून पडायचे, डोळा लागला की दचकून उठायचे, असा क्रम सुरू झाला. अपुरी आणि तुटक झोप हेच या प्रसंगांना मिळणारे सर्वांत मोठे निमंत्रण असते, हे तेव्हा ठाऊक असते तर मी ती चार वर्षे वेगळ्या रीतीने काढली असती.

कारण समजले ते एका डॉक्टरांकडे गेल्यावर, तेही दुसऱ्या खेपेस. आधीच्या डॉक्टरांनी ‘ताण घेऊ नका’ एवढेच सांगून मला परत पाठवले होते. दुसऱ्या डॉक्टरांनी मात्र दोन प्रश्न विचारले, ज्यांचे महत्त्व मला नंतर कळले. दिवसा बोलता बोलता किंवा काम करता करता अनावर झोप येते का? आणि जोरात हसल्यावर किंवा राग आल्यावर गुडघे, मान किंवा जबडा अचानक ढिला पडतो का? या दोन्ही गोष्टी असतील तर नार्कोलेप्सी या आजाराची तपासणी करावी लागते, कारण स्लीप पॅरालिसिस हे त्याचेही एक लक्षण आहे. माझी दोन्ही उत्तरे नकारार्थी होती. ज्यांचे उत्तर ‘होय’ असेल, त्यांनी माझ्यासारखी चार वर्षे घालवू नयेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

त्यांनी जे समजावून सांगितले आणि मी नंतर जे वाचले, त्याचा सारांश असा. १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठातील युजीन अ‍ॅसेरिन्स्की आणि नॅथनिएल क्लाइटमन यांनी झोपेच्या एका टप्प्यात डोळे पापण्यांआड वेगाने हलतात, ही नोंद प्रसिद्ध केली. हीच रेम झोप. आपली ठसठशीत स्वप्ने बहुतांशी याच टप्प्यात पडतात, आणि त्या वेळी मेंदूच्या तळाकडील भागातून निघालेले संदेश हातापायांच्या स्नायूंना जवळजवळ पूर्ण शिथिल ठेवतात. फ्रान्समधील मिशेल जुव्हे यांनी मांजरांच्या मेंदूतील त्या भागाला इजा केली, तेव्हा ती मांजरे रेम झोपेतच उठून दबा धरू लागली, झेप घेऊ लागली. म्हणजे माझे शरीर खिळून राहते तो बिघाड नसून संरक्षण आहे. चुकतो तो केवळ वेळेचा मेळ. मन रेम झोपेतून बाहेर पडते आणि स्नायूंवरचा तो अंमल काही क्षण मागे रेंगाळतो. स्वप्नाचे अवशेषही रेंगाळतात आणि डोळ्यांना दिसणाऱ्या खऱ्या खोलीत मिसळतात. म्हणूनच दार खरे असते, दिवा खरा असतो, आणि त्यांच्यामध्ये उभे असलेले ते कोणीतरी मात्र खरे नसते. रेम झोपेचे टप्पे पहाटेकडे लांबत जातात. माझ्या वहीतल्या बहुतेक नोंदी पहाटे चार ते सहाच्या दरम्यानच्या का आहेत, याचा उलगडा मला त्यातून झाला.

हे सारे कळल्याने दिवसा फार मोठा दिलासा मिळाला. रात्री मिळाला नाही. छातीवर भार पडला की वाचलेले सारे विरून जायचे आणि उरायची केवळ भीती. बदल घडला तो श्वासाविषयीची एक गोष्ट नीट समजल्यावर, आणि ती मला थोडी सविस्तर सांगायची आहे. रेम झोपेत श्वासाचे काम मुख्यत्वे श्वासपटल करते. बरगड्यांमधील आणि मानेकडील स्नायूंची मदत फारच कमी झालेली असते. श्वासपटल आपले काम थांबवत नाही, त्यामुळे श्वास चालूच असतो, फक्त उथळ असतो. परंतु नुकतेच जागे झालेले, घाबरलेले मन दीर्घ श्वास घेऊ पाहते, आणि त्यासाठी ज्या स्नायूंनी छाती उचलायची तेच हुकूम ऐकत नाहीत. उचलू पाहावी आणि छाती उचलली जाऊ नये, याचा अर्थ मन स्वाभाविकपणे ‘वर काहीतरी आहे’ असाच लावते. म्हणजे जो भार मला चिरडत होता, तो माझ्याच धडपडीतून आकार घेत होता. हे लक्षात आल्यापासून मी दीर्घ श्वास घेण्याचा प्रयत्न सोडून दिला. जो बारीक श्वास आपोआप चालू आहे, तो फक्त मोजायचा. भार लगेच नाहीसा होत नाही, पण वाढतही नाही. त्याच वेळी सारे अंग हलवण्याच्या झटापटीऐवजी पायाच्या एका अंगठ्याकडे लक्ष द्यायचे. तो हलला की बाकीचे शरीर त्याच्यामागोमाग येते.

लग्नानंतर काही महिन्यांनी मी नवऱ्याला सारे सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही आणि मग म्हणाला, “तू अधूनमधून झोपेत बारीक कण्हतेस. मला वाटायचे, स्वप्न पडत असेल.” ज्याला मी किंकाळी समजत होते, ती बाहेर ऐकणाऱ्याला एवढीच होती. आता तो आवाज ऐकू आला की माझ्या खांद्याला हात लावायचा, असे आमचे ठरले आहे. स्पर्शाने ती अवस्था बहुधा तत्काळ मोडते. प्रत्येक वेळी त्याला जाग येतेच असे नाही, पण येऊ शकते एवढ्याने मला पुष्कळ बळ मिळाले.

आईला सांगितले ते त्याहूनही उशिरा. मी वर्णन करत असताना तिने मध्येच विचारले, “ओरडायला जावे तर आवाज फुटत नाही, तसेच ना?” तिला हे वयाच्या विशीपासून पस्तिशीपर्यंत होत असे आणि तिने ते कोणालाही, अगदी बाबांनाही, सांगितले नव्हते. एकाच घरात आम्ही दोघींनी एकच भीती वेगवेगळ्या काळात, एकेकटीने सोसली होती, हे त्या संध्याकाळी कळले तेव्हा मला रडू आवरले नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात ३५ अभ्यासांतील ३६,५३३ व्यक्तींची माहिती एकत्र केली होती. त्यानुसार सर्वसाधारण लोकांपैकी सुमारे ७.६ टक्के आणि विद्यार्थ्यांपैकी सुमारे २८.३ टक्के व्यक्तींना आयुष्यात निदान एकदा हा अनुभव आला होता. १६६४ मध्ये इस्ब्रांट व्हान डीमरब्रुक या डच वैद्याने पन्नाशीच्या एका स्त्रीची हकिकत नोंदवली आहे, तीत छातीवर कोणीतरी येऊन पडते, गुदमरायला होते, बोलता येत नाही आणि हातपाय हलत नाहीत, हे सारे आहे. ती वाचताना मला आईची आठवण झाली.

सध्या मी झोपण्या-उठण्याची वेळ सुट्टीच्या दिवशीही फारशी बदलू देत नाही आणि कुशीवर झोपते, कारण माझे जवळजवळ सर्व प्रसंग पाठीवर झोपले असतानाचे आहेत. प्रसंग येऊन गेला की तसेच पडून न राहता उठून बसते; तसेच पडून राहिले की तो पुन्हा येतो, कधी कधी लागोपाठ तीनदा. एकदा तर मी उठून दिव्याचे बटण दाबले, दिवा लागला नाही, पुन्हा दाबले, आणि तेव्हा कळले की मी अजून अंथरुणावरच आहे.

गेल्या महिन्यात, साडेचार महिन्यांच्या खंडानंतर, पुन्हा तसे झाले. कपाटाजवळच्या कोपऱ्यात कोणीतरी उभे होते आणि ते जवळ येत होते. मी घाबरले. श्वास मोजू लागले, दोनदा मोजणी चुकली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केली आणि अकराव्या श्वासाला अंगठा हलला. नवऱ्याला जाग आली नव्हती; त्याला उठवावेसे वाटले नाही. मी दिवा लावला, पाणी प्याले, वहीत तारीख आणि वेळ लिहिली, आणि दिवा मालवण्यापूर्वी त्या कोपऱ्याकडे एकदा पाहून घेतले.